आधी रणांगण, मग सैनिक

छोटे सैनिक जमवण्याच्या नादी लागलेली बरीच मंडळी सुरुवात उलट्या टोकाने करतात. कुठेतरी एखादा देखणा घोडेस्वार दिसतो, तो घरी येतो. मग एक रोमन, मग नेपोलियनच्या गार्डमधला उंच टोपीवाला, मग एक सामुराई. वर्षभराने कपाट उघडावं तर आत भलतीच जत्रा भरलेली असते. कुणी बोटभर, कुणी वीतभर, निम्म्यांना नुसता प्राइमर मारलेला, आणि एकाच लढाईतले दोघं शोधून सापडत नाहीत. असे सैनिक शोभेला धड मांडता येत नाहीत आणि टेबलावर खेळवता तर मुळीच येत नाहीत. म्हणून रंग, ब्रश आणि गोंदाच्या आधी एवढं ठरवा: कुठली लढाई, आणि त्या लढाईतला कुठला प्रसंग. ते ठरलं की सैनिकांचा आकार, संख्या, कपड्यांचे रंग, पायाखालची माती या सगळ्याचा निकाल आपोआप लागत जातो.

या लेखापुरती आपण असईची लढाई घेऊ. तारीख २३ सप्टेंबर १८०३. ठिकाण आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लू जिंकून गाजला. मराठ्यांकडे युरोपीय धर्तीवर तयार केलेल्या कवायती पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारोंनी घोडेस्वार. वेलस्लीकडे प्रत्यक्ष ओळीत लढणारी साडेचार हजारांच्या आसपास माणसं, आणि त्यातली दीड हजारांहून जास्त त्या एका दुपारी मेली किंवा जखमी झाली. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने ही लढाई म्हणजे मेजवानी आहे. स्कॉटिश हायलँडर, मद्रासी शिपाई, इंग्रज ड्रगून, शिंद्यांचे गोलंदाज, भालाईत आणि पेंढारी, सगळे एकाच मैदानात.

पण म्हणून सगळी लढाई मांडायला घेऊ नका. तिथेच बहुतेकांची दमछाक होते. असईचे दोन प्रसंग नवख्यालाही झेपतात. एक, शिंद्यांची एक तोफ आणि तिच्याभोवतीचे पाच-सहा गोलंदाज. संगिनी अंगावर येईपर्यंत हे लोक तोफा सोडून हलले नाहीत, आणि मेल्याचं सोंग घेऊन पडलेल्या काहींनी उठून पुढे गेलेल्या गोऱ्या ओळीवर मागून तोफा डागल्या, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. दुसरा प्रसंग ७४व्या हायलँडर पलटणीचा. असई गावाच्या भिंतीकडे नको इतकं सरकलेली ही पलटण तोफांच्या माऱ्यात सापडली, उरलेल्यांनी चौकोन बांधला, मराठी घोडेस्वारांनी त्यांना घेरलं आणि वेलस्लीच्या बाजूच्या मॅक्सवेलच्या घोडदळाने येऊन त्यांना सोडवलं. पहिला प्रसंग सहा सैनिकांत होतो, दुसऱ्याला तीसेक लागतात. माझं मत विचाराल तर तोफेपासून सुरू करा.

आकाराचा हिशेब

दुकानांत आणि याद्यांत आकार मिलिमीटरमध्ये सांगतात. २८ मिलिमीटर म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत सुमारे तेवढी उंची, ढोबळ मानाने १:५६. १:७२चे प्लॅस्टिकचे सैनिक त्याहून थोडे लहान असतात. एअरफिक्स कंपनीने १९५९पासून ते खोक्यांतून विकायला सुरुवात केली आणि जगभरच्या कित्येक पोरांचं पहिलं सैन्य तेच ठरलं. १५ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर हे मोठ्या लढाया छोट्या टेबलावर बसवणाऱ्यांचे आकार. ५४ मिलिमीटर, म्हणजे १:३२, हा जुना मानाचा आकार. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३मध्ये आतून पोकळ ओतलेले शिशाचे सैनिक काढले ते याच मापाचे. एच. जी. वेल्सने १९१३च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळाचे नियम बांधले तेही असेच सैनिक जमिनीवर मांडून, स्प्रिंगच्या तोफेने पाडायचे म्हणून.

काचेच्या कपाटात एक-दोनच सैनिक ठेवायचे असतील तर ५४ किंवा ७५ मिलिमीटर घ्या. तिथे कपाळावरचं गंध, अंगरख्याचे बंद आणि ढालीवरच्या चार फुल्या दाखवता येतात. खेळायचं असेल तर २८ उत्तम. घरात जागेची चणचण असेल तर १५. एकदा आकार धरला की तो सोडू नका. २८ मिलिमीटरमध्येही कंपन्यांगणिक अंगलोट बदलते. एकाचे सैनिक सडपातळ तर दुसऱ्याचे डोक्या-हातांनी बोजड, म्हणून एका तुकडीत शक्यतो एकाच कंपनीचे ठेवा.

खेळात एक सैनिक वीस-तीस माणसांचा प्रतिनिधी असतो. पाचशेची पलटण चोवीस सैनिकांत उभी राहते. ‘ब्लॅक पावडर’सारख्या लोकप्रिय नियमावलीत साधारण एवढ्याच आकाराच्या तुकड्या चालतात. पायाखालच्या बैठकीसाठी पायदळाच्या प्रत्येक सैनिकाला २० मिलिमीटरचा चौरस आणि घोडेस्वाराला २५ बाय ५० हे माप धरलंत तर पुढे नियम बदलले तरी बहुधा अडत नाही.

असईसाठी नेमके मराठा सैनिक मिळवायला थोडी शोधाशोध पडते. नेपोलियनच्या युद्धातले सैनिक मात्र ढिगाने मिळतात. पण स्पेनमधल्या गोऱ्या सैनिकाला तसाच उचलून दख्खनमध्ये उभा करू नका, इथल्या हवेत त्यांचा पेहराव बदललेला असे. ज्यांच्याकडे रेझिन प्रिंटर आहे त्यांना हल्ली फाइल विकत घेऊन हवे तेवढे सैनिक घरीच छापता येतात. ओलं रेझिन त्वचेला बाधतं, त्यामुळे हातमोजे घालायचे, छापलेला सैनिक अल्कोहोलने धुवायचा आणि अतिनील दिव्याखाली पूर्ण कडक होऊ द्यायचा. स्वयंपाकघरात हा उद्योग नको.

साफसफाई आणि जोडणी

इथे घाई केली तर पुढचं सगळं रंगकाम वाया जातं. साच्यातून निघालेल्या सैनिकाच्या अंगावर दोन अर्धे साचे जिथे मिळाले तिथे बारीक कड राहते. कच्च्या धातूवर किंवा करड्या प्लॅस्टिकवर ती जाणवत नाही, रंग चढला की मात्र गालावरच्या व्रणासारखी उठून दिसते. क्राफ्ट नाइफचं पातं आडवं धरून, कापायचं नाही, खरवडायचं. धातूला बारीक कानस. मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने सैनिक घासून धुवा, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहिला तर रंग धरत नाही. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असतं, नव्यांतही असू शकतं. कानसताना पडलेला भुगा ओल्या कपड्याने पुसा, हात धुतल्याशिवाय तोंडाला काही लावू नका, आणि हे काम लहान मुलांच्या हाती देऊ नका.

गोंदाचं गणित पदार्थावर ठरतं. खोक्यांतले कडक प्लॅस्टिकचे सैनिक पॉलिस्टायरीन सिमेंटने जोडा. ते प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. धातूला आणि रेझिनला ते काही करत नाही, तिथे फेविक्विकसारखा झटपट गोंद किंवा दोन नळ्यांचं अरल्डाइट. १:७२च्या जुन्या मऊ प्लॅस्टिकला कुठलाच गोंद धड धरत नाही, आणि वाकवलं की रंगाचे पापुद्रे सुटतात. तिथे तुकडे न जोडता एकसंध सैनिकच घ्यावेत. फटी बुजवायला एम-सील पुरेसं आहे. ओलसर दातकोरणीने दाबून बसवायचं आणि कडक व्हायच्या आत जादाचं काढून टाकायचं.

भाल्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठा स्वार म्हटलं की भाला आलाच. सैनिकाबरोबर ओतलेला भाला जाडजूड असतो आणि पहिल्याच हाताळणीत वाकतो. तो कापून टाका. मुठीत एक मिलिमीटरच्या हातड्रिलने आरपार भोक पाडा, त्यात पितळेची किंवा पोलादाची बारीक तार ओवा आणि झटपट गोंदाच्या टिपक्याने पक्की करा. दहा फुटांचा भाला १:५६ मापात सुमारे ५४ मिलिमीटर होतो, म्हणजे सैनिकाच्या जवळजवळ दुप्पट. तारेचं टोक लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने चपटं करायचं आणि कात्रीने तिरकं कापायचं, की पातं तयार. कापलेलं टोक सुईसारखं बोचतं, तेव्हा खेळात वापरायचा असेल तर ते कानसून बोथट करा. ५४ मिलिमीटरच्या सैनिकाला खराट्यातली सरळ, पक्की हीरसुद्धा चालते. निमुळती असल्यामुळे ती तारेपेक्षा खऱ्या बांबूसारखी दिसते.

पहिला थर आणि आपली हवा

प्राइमरशिवाय रंग लावू नये हे सगळेच सांगतात. आपल्या हवेचं मात्र परदेशी पुस्तकात सापडत नाही. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये स्प्रेचा डबा उघडलात तर हवेतला दमटपणा रंगात अडकतो आणि पृष्ठभाग पांढुरका, पिठूळ होतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात याच्या उलट. रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि सैनिकाच्या अंगावर वाळूसारखी खरखर बसते. पावसाळ्यात स्प्रेचा नाद सोडून ब्रशने लावायचा प्राइमर वापरा, उन्हाळ्यात सकाळी लवकर उरकून घ्या. डबा दोन मिनिटं हलवायचा, वीतभर अंतर ठेवायचं आणि हात फिरता ठेवून पातळ फवारे मारायचे.

प्राइमरचा रंग कोणता, यावर लोक तावातावाने भांडतात. मला तपकिरी आवडतो, कारण मराठा सैनिकाच्या अंगावर कातडं, लाकूड, सुती कापड आणि त्वचा हेच जास्त असतं आणि राहून गेलेल्या खाचेत तपकिरी खटकत नाही. आणखी एक युक्ती आहे. सगळीकडे गडद प्राइमर, आणि तो सुकल्यावर फक्त वरून फिकट रंगाचा हलका फवारा. ऊन कुठे पडतं आणि सावली कुठे साचते याचा नकाशा सैनिकावर आपोआप उमटतो.

सैनिक हातात धरून रंगवू नका. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर डबलटेपने चिकटवा आणि बाटली धरून काम करा. ब्रश मोजकेच घ्या, पण चांगले. शून्य, एक आणि दोन नंबर पुरतात. तीन शून्यांच्या ब्रशचा मोह अनेकांना पडतो, पण त्याच्यात रंग इतका कमी मावतो की सैनिकापर्यंत पोचेस्तोवर सुकतो. काम टोकाने होतं, म्हणून टोक जपा. धातूच्या पट्टीपर्यंत रंग चढू देऊ नका आणि काम संपल्यावर साबणाने धुऊन टोक बोटांनी जुळवून ठेवा. रंग ओले राहावेत म्हणून सपाट डब्यात ओला टिश्यू पेपर आणि त्यावर बटर पेपर अंथरा. उन्हाळ्यात याने मोठी सोय होते.

रंग अ‍ॅक्रिलिकच घ्यावेत. वालेहो, सिटाडेल असे खास या कामाचे परदेशी रंग उत्तम आहेत, पण महागही आहेत. कॅमलचे आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्यांतलं रंगद्रव्य थोडं जाडसर असतं आणि चमक जास्त असते. पातळ करून दोन-तीन थर दिले आणि शेवटी मॅट व्हार्निश मारलं तर काम चोख होतं. पोस्टर कलर मात्र नको. पाण्याचा हात लागला की तो उठतो, आणि पुढची सगळी पद्धत तर पातळ थरांवर थर देण्याचीच आहे.

कापडाचा रंग

इथे मी रेंगाळणार आहे, कारण छोट्या मराठा सैनिकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बाटलीतला लाल उघडला, पागोटं लाल. बाटलीतला पिवळा उघडला, शेला पिवळा. दिसायला सैन्य ठसठशीत, पण ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं वाटत नाही. कारण साधं आहे. पहिला कृत्रिम रंग, पर्किनचा मॉव्ह, सापडला १८५६मध्ये. असईच्या रणात जे कापड होतं त्याचा सगळा रंग झाडपाल्यातून, मुळांतून, खनिजांतून आणि किड्यांतून आलेला. लाल मंजिष्ठेचा किंवा आलाच्या मुळीचा. त्यात विटेची, तपकिरीची झाक असते. निळा निळीचा, गर्द आणि जरा करडा, धुण्यागणिक फिकट होत जाणारा. पिवळा हळदीचा, जो उन्हात लवकर उडतो. कुसुंब्याचा गुलाबी-केशरी सुरेख, पण तोही टिकाऊ नाही. काळा हिरडा आणि लोखंडाचा, जो खरा पाहिला तर गडद तपकिरी असतो.

आता हे ब्रशवर कसं आणायचं? मंजिष्ठेच्या लालासाठी क्रिमसनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा. सावलीला त्यातच बर्न्ट अंबर, उजेडाला व्हर्मिलियन आणि किंचित यलो ऑकर. लालात पांढरा टाकून उजेड काढू नका, त्याचा गुलाबी होतो. निळीसाठी प्रशियन ब्लूत थोडा अंबर आणि थोडा पांढरा. हळदीसाठी यलो ऑकर हाच पाया. भगव्यालाही हेच लागू. झेंडा मांडायचा तर यलो ऑकरमध्ये व्हर्मिलियन थोडं थोडं वाढवत न्या. पॅकेटातला झगझगीत केशरी लावलात तर तो निवडणुकीच्या मिरवणुकीतला दिसेल.

पांढरा हा सगळ्यात अवघड. मराठा सैन्यात अंगरखे, चोळणे, कमरबंद बव्हंशी सुती, म्हणजे मुळात दुधाळ-पिवळसर, त्यावर धूळ आणि घाम. निखळ पांढऱ्याने सुरुवात केलीत तर पुढे उजेड दाखवायला जागाच उरत नाही. पांढऱ्यात थोडा ऑकर आणि थोडा करडा घालून पायाचा थर द्या. रंग दुधाइतका पातळ हवा, म्हणजे घड्यांत साचत नाही. सुकल्यावर अंबरचं खूप पातळ केलेलं पाणी सगळ्या घड्यांत सोडा. ते पूर्ण सुकलं की पायाचाच रंग घड्यांच्या माथ्यावर पुन्हा फिरवा, आणि अगदी शेवटी, खांद्यावर, गुडघ्यावर आणि पागोट्याच्या वरच्या पिळांवर तेवढा स्वच्छ पांढरा. पहिल्या सैनिकाला हे जमायला संध्याकाळ जाते, सहाव्याला पंधरा मिनिटं.

कपड्याच्या रंगावरून पदही कळतं. त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात साध्या सैनिकाचा लाल कोट मंजिष्ठेत रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा असे. अधिकाऱ्याचा कोट कोशिनील नावाच्या किड्याच्या रंगातला, झळाळता. म्हणजे ७४व्या पलटणीचा चौकोन रंगवताना दोन लाल लागतात. याच पलटणीच्या कॉलर आणि मनगटपट्ट्यांचा रंग पांढरा, आणि असईलाच लढलेल्या ७८व्या पलटणीचा फिकट पिवळसर, बफ. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पेहराव ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या वळणाचा होता. तेव्हा लाल कोटवाले दोन्ही बाजूंना दिसले तर पाहुणे बुचकळ्यात पडतात, तुम्ही पडू नका.

घोडदळाचा प्रश्न निराळा. बारगीर सरकारी घोड्यावर, शिलेदार स्वतःच्या घोड्यावर आणि स्वतःची हत्यारं घेऊन आलेला. त्यामुळे शिलेदारांच्या पथकात दोन माणसं सारखी दिसता कामा नयेत, आणि पथक एकत्र पाहिलं तर रंगीबेरंगी खिचडीही वाटता कामा नये. त्यावर उपाय असा: पाच-सहाच रंग ठरवा आणि तेच फिरवा. एकाचं पागोटं मंजिष्ठी तर त्याचा शेला निळा, दुसऱ्याचं पागोटं मळकं पांढरं तर शेला मंजिष्ठी. एखादाच हिरवा, एखादाच कुसुंबी. त्या एखाद्याकडे नजर जाते, म्हणून तो सरदार करा.

पेहरावासाठी आधार शोधताना चित्रपट आणि कॅलेंडरं बाजूला ठेवलेली बरी. चित्रपटातल्या मावळ्यांच्या अंगावर हल्ली जे काळं कातडं चढतं ते कुठल्या दुकानातून येतं देव जाणे. शिवकाळ आणि १८०३ यांत सव्वाशे-दीडशे वर्षांचं अंतर आहे हेही विसरू नका. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं आणि वस्त्रं दोन्ही पाहायला मिळतात. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत. टॉमस ब्रॉटन या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८०९मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहून लिहिलेली पत्रं पुढे सचित्र छापली गेली, ती तर थेट कामाची. बघताना वही जवळ ठेवा आणि पागोट्याचा बांध, ढाल पाठीवर कशी अडकवली आहे, पायात काय आहे, एवढं टिपून घ्या.

चेहरा, हत्यारं, घोडा

परदेशी संचातला ‘फ्लेश’ लिहिलेला रंग मराठी चेहऱ्याला लावला की सैनिक आजारी दिसतो. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि अगदी थोडा पांढरा, हा पाया. सावलीला काळा नको, बर्न्ट अंबरमध्ये थेंबभर निळा. नाकाचा शेंडा, गालाची हाडं, बोटांचे सांधे यांना पायाच्याच रंगात थोडा ऑकर वाढवून. सहा जणांत तीन वेगवेगळे वर्ण करा, सगळे एकाच कढईतून काढल्यासारखे नकोत. २८ मिलिमीटरमध्ये डोळ्यांत पांढरे ठिपके घालू नका, सैनिक दचकलेला दिसतो. भुवईखाली गडद रेघ आणि मिशीची एक रेघ, बस्स.

तलवारीचं पोलाद आधी काळसर रंगवून मग वर चंदेरी पुसट फिरवा. चिलखताच्या कड्यांवर जवळजवळ कोरडा ब्रश घासला की कडी न् कडी उठून येते. तोफेला शुद्ध सोनेरी लावू नका. कवायती पलटणी उभ्या करणाऱ्या दे बॉइनच्या काळापासून शिंद्यांसाठी आग्र्यात तोफा ओतल्या जात, त्या काशाच्या. तपकिरीवर जुन्या सोन्याचा पातळ थर, खोबणीत काळपट पाणी आणि तोंडाशी बारुदाची काजळी. गाडा, चाकं आणि लाकडी आऱ्या धुळकट करडे. रंग उडालेलं, उन्हात वाळलेलं लाकूड तपकिरीपेक्षा करडंच जास्त असतं.

घोड्यांत भीमथडीचे धरा, भीमेच्या काठचे काटक आणि चपळ. उंच, चकचकीत इंग्रजी घोडे ड्रगूनांच्या खाली शोभतील. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोड्यांची संख्या जास्त ठेवा, मधूनच एखादा अबलख, आणि सरदाराला पंचकल्याण म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं. घोड्याला ब्रशने ठिपके देण्यापेक्षा तेलरंगाचा पातळ थर देऊन तो जवळजवळ सुकला की स्पंजने पुसून घ्या. स्नायूंच्या माथ्यावरचा रंग निघतो, खोलगटातला राहतो.

रंगवताना एकेक सैनिक संपवत बसू नका. सहा किंवा आठांची रांग लावून सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांची कातडी, मग सगळ्यांची त्वचा. खेळासाठीचे सैनिक हातभर अंतरावरून बघितले जातात. त्या अंतरावर बटणं दिसत नाहीत, पण सावली आणि उजेड यांच्यातला फरक दिसतो, म्हणून तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तच ठेवा. हौस वाटेल तितकी सरदारावर आणि झेंडेकऱ्यावर उडवा.

पायाखालची माती

इंग्लंडमधले रंगवणारे सैनिकांच्या पायाखाली हिरवळ पसरतात. तीच सवय इथेही आली आहे. असई मराठवाड्यात आहे, जमीन काळी, दिवस पावसाळा सरत आल्याचे. शेतातली खरी काळी माती फेविकॉलमध्ये कालवून लावायचा विचार सगळ्यांनाच सुचतो. ती सुकताना आकसते, भेगा पाडते आणि पापुद्र्यासकट सुटून येते. त्यापेक्षा चाळलेली बारीक नदीची वाळू पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलवर पसरा आणि रंग द्या: अंबर आणि काळ्याचा पाया, त्यावर कोरड्या ब्रशने करडा-तपकिरी. निव्वळ काळा लावलात तर डांबरी रस्ता होईल. तुरळक ठिकाणी कृत्रिम गवताचे झुबके, नदीकाठच्या देखाव्यात थोडं जास्त. बैठकीच्या कडा एकाच गडद रंगाने रंगवल्या की तुकडी लगेच शिस्तीत दिसते.

झेंडा कागदावर रंगवून किंवा छापून घ्या, दोन्ही बाजूंना फेविकॉलचं पाणी लावा आणि ओला असतानाच पेन्सिलीवर हलका गुंडाळून लाटा द्या. कापलेल्या कडांचा पांढरा कागद दिसतो, तिथे त्याच रंगाची बारीक रेघ ओढा.

दिवाळीतल्या किल्ल्यावर हे सैनिक मांडावेत का, असं हटकून विचारलं जातं. मांडा, पण चिखल ओला असताना नको, आणि रात्री दवात ठेवू नका. मांडताना मोठे सैनिक पुढे पायथ्याशी आणि १५ मिलिमीटरचे वर माचीवर ठेवलेत तर किल्ला आहे त्याहून दुप्पट उंच भासतो. मातीच्या मावळ्यांमध्ये मात्र ते मिसळू नका, दोघांचीही शोभा जाते.

शेवटी व्हार्निश. शोभेच्या सैनिकाला मॅटचा एक थर पुरतो. खेळणाऱ्याने आधी चमकदार थर द्यावा, तो जास्त टणक असतो, आणि तो पक्का सुकल्यावर वरून मॅट. दमट दिवशी मॅट स्प्रे मारू नका, सैनिक दुधी होतात आणि सगळी मेहनत धुक्यात जाते. बैठकीखाली रबरी चुंबकाचे तुकडे चिकटवून सैनिक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभे करा. बसमध्ये हिंदकळले तरी पडत नाहीत आणि भाले मोडत नाहीत. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा, कारण पोलादी तारेचे भाले रंगाखालूनही गंजतात.